टोचणीच्या वहीतलं पहिलं नाव

सन एकोणीसशे चौऱ्याण्णव. माझं वय छप्पन. हे वय सरकारी कागदावरचं. माय म्हणायची, तू पेरणीच्या वख्ताला झालास; पण कोणत्या सालच्या पेरणीला, ते तिला सांगता यायचं नाही. मास्तरानं अंदाजानं जे लिहिलं तेच खरं धरून मी आजवर चाललो.

नांदेडला डॉक्टरकीच्या कॉलेजात, ग्रंथालयात मी शिपाई होतो. पुस्तकांवरची धूळ झटकायची, पोरांनी टेबलावर टाकून दिलेली पुस्तकं फळीवर लावायची, संध्याकाळी खिडक्या लावून कुलूप घालायचं. इंग्रजी मला येत नाही. पण पुस्तकाच्या पाठीवरचा आकडा येत होता, आणि रंग ओळखू येत होता. हाडांचं जाड पुस्तक निळं, काळजाचं मातकट, बायकांच्या आजाराचं हिरवं. कुणी येऊन म्हणालं, "मामा, ते हे द्या हो," की मी त्याच्या तोंडाकडं बघूनच कोणतं ते ओळखायचो. मी लावलेलं पुस्तक चुकीच्या फळीवर सापडलं, असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं.

पोरं सगळी मला मामाच म्हणायची. बरीचशी लातूरच्या क्लासमधून शिकून आलेली. लातूरला तेव्हा क्लासचं वारं नुकतं सुटलं होतं. माझा एकुलता लेक तिथंच गणिताचा मास्तर. शाळा सुटली की पत्र्याच्या शेडमध्ये तो क्लास घ्यायचा. शाळा, क्लास, पुन्हा क्लास. मला भेटायला यायला त्याला रविवार उरत नव्हता. मीच दर शनिवारी संध्याकाळी एस.टी.डी.च्या बूथवरून त्याला फोन लावायचो. त्याचा क्लास चालू असायचा. "आबा, बरे हाव ना? बरं, ठेवतो," एवढंच बोलणं व्हायचं.

आमचं गाव किल्लारीपासून कोसभर. गाव होतं, असं म्हणायला पाहिजे. गणपती बोळवले त्या रात्री भूकंपात ते भुईसपाट झालं. माझी बायको तिथंच होती. तिनं शेजारच्या पोराकडून चिठ्ठी लिहवून पाठवली होती, गणपती बोळवायला या. मी कळवलं, रजा नाही. रजा होती. पण भावकीत बांधावरून बोलाचाली झाली होती, आणि भावकीचं बोलावणं आल्याबिगर गावात पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. बोलावणं आलं नाही. ती तिकडं राहिली, मी इकडं. यावर मी जास्त लिहिणार नाही.

त्यानंतर नांदेडची एक खोली, एक स्टोव्ह आणि मी. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी ग्रंथालयात जाऊन बसायचो. तिथं निदान कुणी पान उलटल्याचा आवाज तरी यायचा.

भूकंपाला वर्ष होत आलं तोच बीडकडं प्लेगची बोंब उठली. लोक तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागले. औषधाच्या दुकानांत कॅप्सूल मिळेना. घरात मेलेला उंदीर दिसला की माणसं तो पिशवीत घालून थेट कॉलेजात आणून दाखवायची. आमच्याकडं साथीच्या रोगांचे एक सर होते. बारीक, चष्मेवाले, साताऱ्याकडचे. ते म्हणाले, लोकांची भीती घालवायची तर त्यांना जुनं दाखवलं पाहिजे. आपल्या आजा-पणजांनी प्लेग कसा काढला, ते ग्रंथालयात मांडू. शाळेची पोरं येतील, गावची माणसं येतील.

मग जिन्याखालची तीन पोती बाहेर निघाली. भूकंपात तडा गेलेला एक जुना दवाखाना पाडला, तेव्हा त्यातली दप्तरं कुणीतरी आमच्याकडं पाठवून दिली होती. निजामाच्या वख्तातली. सगळं उर्दूत. कॉलेजात एवढे शिकलेले लोक, पण पोत्यातल्या वह्या हातात घेऊन उलट्या-सुलट्या करण्यापलीकडं कुणाची मजल गेली नाही.

मी म्हणालो, "सर, ती वही उलटी धरलीय तुम्ही."

ते माझ्याकडं बघायला लागले. "मामा, तुम्हाला येतं?"

माझी शाळा फार नाही. पण पहिल्या दोन वर्षांची आमची शाळा उर्दू होती. मौलवी साहेबांच्या छडीखाली अलिफ-बे गिरवलं. मग पोलीस ॲक्शन झाली, मौलवी साहेब गेले, मराठीचे मास्तर आले, आणि चौथीत बानं मला शाळेतून काढून औतामागं लावलं. दोन वर्षांची ती अक्षरं पंचेचाळीस वर्षं माझ्या डोक्यात निकामी पडून होती. त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला त्यांची गरज पडली.

सर म्हणाले, "शहरात उर्दूचे मास्तर पुष्कळ असतील. एकाला बोलावू, तुम्हाला त्रास नको."

"मी असताना बाहेरचा माणूस कशाला?"

"घाईचं लिहिणं दिसतंय, मामा. शिकलेल्यालाही जड जाईल."

"जड जाऊ द्या. मी वाचतो."

दुसऱ्या माणसाला मी त्या पोत्यांना हात लावू दिला नाही. हट्ट म्हणा. आत गावागणिक प्लेगच्या टोचणीच्या वह्या होत्या. अक्षर खरंच वाईट होतं, टिंब कुठं, काना कुठं, पत्ता लागत नव्हता. एक ओळ वाचायला पाव घटका जायची. पण रोज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलो की कुणी मला पुस्तक मागायला येत नसे. येणारी पोरं लांबूनच बघायची. शिपायाला वाचताना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

याच दिवसांत मी सरांना माझ्या बाची गोष्ट सांगितली.

बा गावचा पोलीस पाटील. मी सात वर्षांचा असताना आमच्या भागात प्लेग आला होता. घरात उंदीर पडायला लागले की गाव सोडायचं, रानात कुडाच्या झोपड्या घालून राहायचं, ही तेव्हाची रीत. गाव तसं रानात राहायला गेलं. मग टोचणीवाला आला. सुई घ्यायला कुणी धजेना. सुईनंच माणूस मरतं, असा बोभाटा. तेव्हा पाटलानं, म्हणजे बानं, पहिली सुई घेतली, आणि मग गाव पुढं झालं. ही गोष्ट मी चावडीत ऐकली, बैठकीत ऐकली, पुढं मी स्वतः शंभर जणांना ऐकवली. लेक लहान असताना त्याला हीच सांगून झोपवायचो.

काउंटरवरचा कारकून माझ्या मागं लागायचा. "मामा, तुमच्या बापाची सुई ऐकून ऐकून माझा दंड सुजलाय. आता बास करा."

"तुझ्या बापाची एखादी सांग मग."

"आमच्या बापानं फक्त पाहुणचार घेतला जन्मभर. त्याची वहीत नोंद न्हाई ठेवत कुणी."

सर मात्र मन लावून ऐकायचे. शेवटी म्हणाले, "मामा, हे मांडायलाच पाहिजे. पण ऐकीव गोष्ट वेगळी आणि कागद वेगळा. तुमच्या गावची वही सापडली तर तुमच्या वडिलांच्या नावाची पाटीच लावू."

मी त्या दिवसापासून दुसऱ्या गावांच्या वह्या बाजूला टाकल्या.

आमच्या गावची वही तिसऱ्या पोत्यात तळाला होती. पुठ्ठा उंदरांनी खाल्लेला, आतलं शाबूत. पहिलं पान उघडलं. वर गावाचं नाव, तालुका, निजामाचं फसली साल. त्याच्याखाली ठळक अक्षरात माझ्या बाचं नाव, पुढं 'पाटील'. पानावरचं पहिलं नाव.

मी वही तशीच छातीशी धरून सरांच्या खोलीत गेलो. दार वाजवायचं भान राहिलं नाही. "हे बघा. पहिलं नाव." सर खुर्चीतून उठले. त्यांना अक्षर कळत नव्हतं, मी बोट ठेवलं तिथं ते बघत राहिले. कारकूनसुद्धा आला. "मामा, मानलं बुवा," म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा मी सरांच्या खोलीत बसून चहा घेतला.

पेंटरला पत्र्याची पाटी सांगितली. वर लाल अक्षरात 'आपल्या भागातील प्लेगची पहिली सुई', खाली मोठ्या अक्षरात बाचं नाव. मी स्वतः कागदावर लिहून दिलं, पेंटरनं चुकू नये म्हणून.

लेकाला फोन लावला. त्या दिवशी तो चटकन ठेवायला गेला नाही.

"आबा, खरंच? आजोबांचं नाव?"

"वहीत हाय. सरकारी."

"मी येतो. क्लासची पोरं घेऊन येतो. त्यांना दाखवतो, आमचा आजा काय होता." मग थोडं थांबून म्हणाला, "मुक्काम करतो तुमच्याकडं."

मुक्काम. वर्षभरात त्यानं हा शब्द काढला नव्हता. मी खोली झाडली. बायकोची गोधडी वर्षभर ट्रंकेत होती, ती काढून उन्हात घातली.

प्रदर्शनाला दोन दिवस राहिले. सगळी टेबलं लागली होती. एका टेबलावर जुन्या सुया, एकावर उंदरांचे पिंजरे, पिसवांचं मोठं करून काढलेलं चित्र. बाच्या वहीसाठी काचेची पेटी मधोमध. शनिवारी दुपारी सर म्हणाले, "मामा, नुसती वही ठेवून भागायचं नाही. ते पान आडव्या ओळींनी पूर्ण वाचा आणि मराठीत लिहून द्या. वय किती, कोणत्या दंडावर दिली, तारीख कोणती. लोकांना तेच आवडतं."

मी म्हणालो, "आत्ता देतो."

आतापर्यंत मी त्या पानाची वरची ओळच वाचली होती. खाली रकाने होते. नंबर, घर, नाव, उमर, बाजू, तारीख आणि शेवटी शेरा. चष्मा पुसला, पट्टी ठेवली आणि नंबर एकपासून सुरू केलं.

नंबर एकला बा नव्हता.

मला वाटलं, पट्टी खाली सरकली. पुन्हा लावली. नंबर एक. घर, हनुमान मंदिर के पीछे. नावाच्या रकान्यात एका मेलेल्या माणसाचं नाव, पुढं 'की बेवा'. उमर चाळीस. बायां बाजू, म्हणजे डावा दंड. शेऱ्यात चार शब्द, ते लावायला मला लई वेळ लागला. एक अक्षर लागायचं, दुसरं निसटायचं. शेवटी लागले. 'पाटील के हुकुम से.'

मारुतीच्या मागं राहणारी ती विधवा. मला ती आठवत होती. एका खणाची खोली, दुसऱ्याचं दळण दळून खायची. बा कुठं कामाला निघाला की आधी माणूस पुढं जाऊन तिला सांगायचा, आणि ती दार लावून घ्यायची. मुंड्या बाईचं तोंड पाहून पाटलानं वेशीबाहेर जायचं नाही. बा गेला की दार उघडायचं. त्या बाईचं दार उघडं आहे का बंद, यावरून आम्ही पोरं सांगायचो, पाटील आत्ता निघतोय का वेशीबाहेर गेला.

मी तारखांकडं बघितलं. नंबर एकची तारीख वेगळी. नंबर दोनपासून सगळ्या गावाची तारीख एकच, चार दिवसांनंतरची. पहिल्या दिवशी टोचणीवाल्यानं सबंध गावात एकच सुई दिली होती.

तिला पुढं केलं होतं. आणि चार दिवस वाट पाहिली होती.

तिथंच मला तो तांब्या आठवला.

रानातल्या झोपडीत माय ताक करायची. त्या दिवसांत तिनं मला रोज ताकाचा तांब्या देऊन गावात पाठवलं. गाव रिकामं होतं, एकटी ती बाई मारुतीमागच्या खोलीत राहत होती. तिला रानात कुणी जागा दिली नव्हती का काय, ते तेव्हा मला सुचलं नाही. रिकाम्या गल्लीतून मी दोन्ही हातांनी तांब्या धरून, हिंदकळू नये म्हणून कडेकडेनं चालत जायचो. उंबऱ्यावर ठेवायचा, आत जायचं नाही, एक हाक मारायची. ती आतून म्हणायची, "ठेव लेकरा." मी पळत परत यायचो. बा झोपडीच्या तोंडाशी बसलेला असायचा. विचारायचा, "बोलली का?" मी म्हणायचो, "बोलली." तो मान हलवायचा. तिसऱ्या दिवशी तिला ताप होता, आवाज खोल गेलेला. मी तेही सांगितलं. चौथ्या दिवशी ती उंबऱ्यावर येऊन बसली होती, तिनं तांब्या माझ्या हातातून घेतला. मी सांगितलं, "भाईर आली." त्या दिवशी गाव ओळीत उभं राहिलं.

हे मला कायम आठवत होतं. बाला तिची किती काळजी, म्हणून आठवत होतं. छप्पन वर्षांचा झालो तोवर मला कळलं नव्हतं की मला कशासाठी पाठवत होते.

पुढं वाचायचं नाही असं मनात आलं, पण वाचलं. टोचणीवाल्यानं रानात नावं पुकारली ती गावातल्या घरांच्या क्रमानं, तशीच वही होती. वेशीजवळचं पहिलं घर, मग लोहाराचं, मग आडाजवळची तीन घरं, मग गल्ली वळते तिथलं तेल्याचं. ते गाव आता भुईवर नाही. तिथं दगडांचे ढीग आहेत आणि पुनर्वसनवाले दुसरीकडं सरळ रेघांनी नवं गाव आखून राहिले होते. पण वहीत ते अजून वळणावळणानं होतं. मी बोट धरून त्यातून चाललो. माझी बायको त्यात नव्हती. ती तेव्हा दुसऱ्या कुठल्या गावात परकर नेसून हिंडत असेल. आमच्या घराशी येऊन मी थांबलो.

बाचं नाव. उमर. बाजूच्या रकान्यात आडवी रेघ. शेऱ्यात, 'हाजिर नहीं'. खाली त्याची बायको, सुई घेतलेली. खाली त्याचा मुलगा, उमर सात, बायां बाजू. तो मी.

मग वरचं नाव कशाचं? तेही मला कळलं, आणि स्वतःचीच लाज वाटली. त्या काळी कोणताही सरकारी कागद पाटलाच्या नावापासून सुरू व्हायचा. सारा असो, पंचनामा असो, मोजणी असो, वर गाव आणि खाली पाटील. एवढं मला, पाटलाच्या पोराला, ठाऊक असायला पाहिजे होतं. बा चावडीत बसून म्हणायचा, "वहीत पयलं नाव माझं हाय." तो खोटं कधीच बोलला नाही. पहिली सुई माझी, असं त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. ती आम्ही जोडली. त्यानं ती जोडू दिली.

त्याच्या बाजूनं मी विचार केला नाही असं नाही. बैल कुठं सुटले असतील. फौजदाराचं बोलावणं आलं असेल. विळ्यानं साप तोडणारा माणूस, तो सुईला भिईल? पण त्या दिवशी ओळीत मायच्या पदराला धरून मी उभा होतो, आणि बा नव्हता, हे मला आता लख्ख आठवत होतं. दंड सुजला तेव्हा त्यावर हळदीचा लेप मायनं लावला.

आणि ती बाई पुढं कधी मेली, कुठं मेली, ते मला आठवेना. पुष्कळ आठवून पाहिलं. बा तर त्यानंतर तीस वर्षं जगला, त्याच्या तेराव्याला अख्ख्या गावाच्या पंगती उठल्या.

दिवेलागण झाली. कारकून किल्ल्या वाजवत आला. "काय मामा, झालं का पान? सर घरी गेले. म्हणले, सोमवारी सकाळी द्या."

"व्हईल."

"बापाचं नाव वाचून डोळे भरले जणू!"

तो आपला हसला आणि गेला. मी खिडक्या लावल्या. त्या इमारतीत एवढी पुस्तकं, एवढी माणसं येऊन जातात, आणि त्या पानावर काय आहे ते एकट्या मला माहीत होतं. मी सोमवारी काहीही लिहून दिलं असतं तरी चाललं असतं. बाहेरचा माणूस बोलावू दिला नाही तो मीच. पाटीवर नाव वाळत होतं. सोमवारी लेक येणार होता.

कुलूप लावून बूथवर गेलो. शनिवारच होता. सांगून टाकायचं म्हणून गेलो होतो.

"आबा! पंचवीस पोरं होतायत. जीप पुरत नाही, दुसरी सांगितली. पोरांना मी आजोबांचं सांगून ठेवलंय. आणि आबा, येताना काय आणू? तुम्हाला इथला चिवडा आवडतो ना?"

"आण," मी म्हणालो.

"बोला की, काही म्हणत होता?"

"काही न्हाई. ठेव."

खोलीवर आलो. गोधडीची घडी खाटेवर तशीच होती. भाकरी केली नाही.

सकाळी बूथवाला शटर वर करत होता तेव्हा मी त्याच्या दारात उभा होतो. तो म्हणाला, "मामा, कुणी गेलं का काय?" मी नंबर लावायला सांगितला. लेक झोपेतून उठून आला. मी सगळं सांगितलं. विधवा, तारखा, ताक, आडवी रेघ. पलीकडं कुठंतरी पंप चालू असल्याचा आवाज येत होता.

"आबा, नीट वाचलंय ना तुम्ही?"

"नीट वाचलंय."

"जुनं अक्षर हाय. तुम्हीच म्हणाला, लागत न्हाई म्हणून."

"लागलं."

"मग राहू द्या की. पन्नास वर्षं झाली. आजोबा न्हाईत, ती बाई न्हाई, गाव न्हाई. कुणाला वाचता येतंय ते?"

"मला येतंय."

पुन्हा पंपाचा आवाज. मग तो म्हणाला, "पोरांना मी काय सांगू? जीप सांगून ठेवल्यात."

"पोरांचं तू बघ. पोरं आण नाहीतर नको आणू. तू आलास तर गोधडी काढून ठेवलीय."

त्यानं काय उत्तर दिलं ते ऐकायला मी थांबलो नाही. थांबायला पाहिजे होतं. पण मी असाच आहे.

तिथून पेंटरकडं गेलो. तो दुकानातच राहायचा, तोंडात दातवण धरून बाहेर आला. पाटी भिंतीला टेकवून ठेवली होती. रंग पुरता वाळला नव्हता.

"नाव काढायचंय," मी म्हणालो.

"मामा, तुम्हीच लिहून दिलं होतं. माझी चूक न्हाई."

"तुझी न्हाई."

त्यानं टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि नावाच्या टोकापासून घासायला लागला. मी त्याच्या हातातून बोळा घेतला. बाचं नाव मी माझ्या हातानं पुसलं. पहिलं अक्षर लवकर गेलं, आडनाव चिकट होतं. लाल ओळ वर तशीच राहिली, 'आपल्या भागातील प्लेगची पहिली सुई.' खाली धुरकट पत्रा.

पेंटरनं ब्रश बुडवला. "सांगा. नाव?"

"तिचं नाव लिहिलेलंच न्हाई. नवऱ्याचं हाय."

"मग नवऱ्याचं टाकू, त्याची बायको म्हणून."

"त्यानं सुई घेतली न्हाई." मी सांगत गेलो, तो लिहीत गेला. मारुतीमागच्या घरातली बाई, वय चाळीस. पाटलाच्या हुकमानं हिला पुढं केलं. चार दिवस ती जगते का ते पाहिलं. मग गावानं सुई घेतली. पाटील हजर नव्हता.

"पाटील कोण ते लिहायचं का?" पेंटरनं विचारलं.

"ते वहीत हाय. काचेखाली पान उघडं ठेवणारंय. मी वाचून दाखवीन विचारणाऱ्याला."

वाळायला दुपार होईल, मग न्या, असं तो म्हणत होता. मी थांबलो नाही. रविवार असला तरी किल्ली माझ्याजवळ होती. ओली पाटी दोन्ही हातांनी पुढं धरली, कुणाचा धक्का लागू नये म्हणून रस्त्याच्या कडेकडेनं चालत ग्रंथालयात नेली, आणि मधल्या टेबलामागं खिळा ठोकून लावली.